पिकअपची उंची आणि ट्रॉलीचा भार

शेतरस्त्यावर वाहनाचे पोट घासू नये म्हणून पिकअपचे मागील कमानपाटे व आस यांमध्ये लोखंडी ठोकळे बसविले जातात. त्यामुळे सांगाडा उंचावतो. आसाखालील मोकळी जागा, पाट्यांची हालचाल व भारक्षमता मात्र तसूभरही वाढत नाही.

खरी अडचण दोनचाकी ट्रॉली जोडल्यावर उद्भवते. मागचा आकडा ५० मिलिमीटर उंचावला की ट्रॉलीचे तोंड वर होते, भार मागे सरकतो आणि आकड्यावरील दाब घटून उतारावर ट्रॉली डोलू लागते. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भार आकड्यावर असावा. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफारास मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ प्रतिबंध करते, हेही ग्रामसेवकांनी सांगावे. उंच वाहनास खाली उतरता आकडा लावून, माल भरल्यावर ट्रॉलीचा तळ पाणसळीने तपासावा.