हिमप्रदेशांतील मोटारीचीं चाकें

महाराष्ट्रांत हिंवाळा म्हणजे मोटार-प्रवासाचा सुखाचा काळ. परंतु जर्मनी, फिनलंड किंवा कॅनडा या देशांत हाच ऋतु मोटार चालविणाऱ्याची सत्त्वपरीक्षा पाहतो. तेथें वास्तव्यास गेलेल्या मराठी कुटुंबांनाही पहिल्या थंडीपूर्वींच ठरवावें लागतें, कीं गाडीला टायर कोणता घालावा आणि रिम कोणती बसवावी.

प्रथम रबराचा विचार केला पाहिजे. थंडीनें रबर कडक होतें, आणि कडक रबर रस्त्याला बिलगत नाहीं. सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालीं उन्हाळी टायरची पकड उणावूं लागते, असा स्थूल ठोकताळा आहे. त्यासाठीं बर्फच पडावा लागतो असें नाहीं. हिंवाळी टायरचें रबर थंडींतही मऊ राहतें, आणि त्याच्या नक्षीवर असंख्य बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात. फिनलंडमधील नोकिया गांवच्या कारखान्यानें १९३४ सालीं मालमोटारींसाठीं असा टायर काढला. तो या जातीचा आद्य टायर मानला जातो.

विकत घेतांना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा पर्वत व त्यांत हिमकण हें चिन्ह पाहावें. तें बर्फावरील चांचणीनंतरच मिळतें. चिखल व बर्फ सुचविणारीं ‘एम’ व ‘एस’ हीं अक्षरें तेवढ्यानें पुरेशीं नव्हेत. ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीनेंही तीं हिंवाळी टायरची खूण म्हणून मानणें सोडलें. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबर ते १५ मार्च हिंवाळी टायर सक्तीचे आहेत.

आतां रिमेकडे वळावें. दर ऋतूला टायर उतरविणें व चढविणें खर्चाचें असल्यामुळें पुष्कळजण रिमांचा दुसरा संच ठेवतात. तो बहुधा एक इंच लहान निवडतात. उदाहरणार्थ, २२५/४५ मापाच्या १७ इंची टायरऐवजीं २०५/५५ मापाचा १६ इंची टायर घेतला, तर चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहते. मात्र रबराची भिंत उंच झाल्यानें खड्ड्यांचा धक्का सोसतो, आणि अरुंद टायर पाणथळ बर्फ कापीत जातो. लहान रिम ब्रेकला अडकूं नये, नटांचें वर्तुळ व मधलें भोंक जुळावें, आणि तें माप गाडीच्या कागदपत्रांत मान्य असावें.

पोलादी रिम जड व गंजणारी, पण स्वस्त; आघातानें ती तडकण्यापेक्षां वाकते. मिश्रधातूची रिम हलकी व देखणी. परंतु बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर टाकलेलें मीठ तिच्या खरचटलेल्या मुलाम्याखालीं शिरून धातु खातें.

काटकसर म्हणून दोनच हिंवाळी टायर बसविणें घातक होय. केवळ पुढचीं चाकें रस्ता धरूं लागलीं, तर वळणावर मागची बाजू घसरून गाडी गरकन् फिरते. चारही टायर एकाच जातीचे हवेत. तापमान १० अंशांनीं उतरलें कीं हवेचा दाब सुमारें दीड पौंडानें घटतो, म्हणून तो वरचेवर तपासावा. चाकें बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे.

चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीचा मालक पुष्कळदां निर्धास्त असतो. पण तो जोर गाडी चालू करण्यास उपयोगी पडतो, थांबविण्यास नाहीं. समोर अकस्मात् मूल आलें, तर त्याचा जीव चार तळहातांएवढ्या रबरावरच अवलंबून असतो.