लशीविषयीची शंका कोठून येते?

घरातील वडीलधारी व्यक्ती लस घेण्यास नकार देते, ‘यात काहीतरी डाव आहे’ असे म्हणते, तेव्हा आपण तिला हटवादी ठरवून मोकळे होतो. या शंकेला मात्र आपल्या मुंबईतच सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आढळला. ऑक्टोबरअखेर सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर चालून गेले. तेथे रुग्णांना मुद्दाम मारतात, त्यांच्या देहातून तेल काढतात, अशा वदंता वस्त्यांतून फिरत होत्या. त्या खोट्या होत्या. पण नेलेली बहुतेक माणसे परत येत नव्हती, हे खरे होते. पुढे फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला असाधारण अधिकार मिळाले. शोधपथके घरांत शिरत, रुग्णाला उचलून नेत, सामान जाळत. ज्या सरकारने उंबऱ्याची अब्रू राखली नाही, त्याच्याच सुईवर विश्वास कसा बसावा?

हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याला आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक बिचकत होते. तेव्हा आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर, एकदा नव्हे तर अनेकदा, ती टोचून घेतली. परक्या शास्त्रज्ञाच्या धैर्यापेक्षा आपल्या माणसाचा उघडा दंड लोकांना अधिक पटला. (सरकारी पत्रके किती छापली गेली असतील, देव जाणे!)

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लशीनंतर १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन निलंबित झाले. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. परळच्या ज्या प्रयोगशाळेत ते काम करीत, तिला १९२५ मध्ये त्यांचेच नाव दिले गेले. अशी दुर्घटना दडवली की अफवेला बळ मिळते. म्हणून ‘लशीने काहीच होत नाही’ असे घरी कधीही सांगू नये. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, हे आधीच सांगावे.

वाद घालण्यापूर्वी ‘आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते?’ एवढे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. पुष्कळदा भीती लशीची नसते. परावलंबी होण्याची असते, न विचारता घेतलेल्या निर्णयाची असते. मग वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन जा. फ्ल्यू आणि न्यूमोनियाच्या लशींविषयी त्यांनाच प्रश्न विचारू द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास, किंवा पूर्वी एखाद्या लशीची अॅलर्जी झाली असल्यास, ते मात्र आपण आठवणीने सांगा.