चंद्र खालीं कां पडत नाहीं?

झाडावरून सुटलेला आंबा खालीं येतो, हातांतून निसटलेली पाटी खालीं पडते, कौलांवरून निथळणारें पाणीही खालींच येतें. ह्या गोष्टी इतक्या नित्याच्या आहेत कीं, त्यांत विचारण्यासारखें कांहीं असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु त्याच झाडामागून वर येणाऱ्या चंद्राकडे पाहून एखाद्या लहान मुलानें 'आंबा पडतो, मग चंद्र कां पडत नाहीं?' असें विचारिलें, तर वडील माणसांसही क्षणभर थबकावें लागेल. हा प्रश्न पोरकट नव्हे. त्याच्या उत्तरांत पृथ्वी व आकाश ह्या दोहोंस लागू पडणारा एक मोठा नियम दडलेला आहे. म्हणून त्याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

पृथ्वी जड पदार्थांस आपणाकडे ओढते, ही कल्पना आपल्या देशांत फार जुनी आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या 'सिद्धांतशिरोमणि' ग्रंथाच्या गोलाध्यायांत पृथ्वीच्या ठायीं आकर्षणशक्ति असल्याचें सांगितलें आहे. तथापि ही ओढ अंतराबरोबर कोणत्या प्रमाणांत कमी होते, आणि आंब्यास ओढणारी शक्ति तीच चंद्रासही ओढते काय, हें गणितानें सिद्ध करून दाखविण्याचा मान सर ऐझॅक न्यूटन ह्यांचा आहे. पूर्वजांचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु एकाचें श्रेय दुसऱ्यास देऊं नये, हीही शास्त्राची एक शिकवण आहे.

न्यूटननें आपला नियम १६८७ सालीं प्रसिद्ध केला. विश्वांतील प्रत्येक वस्तु दुसऱ्या प्रत्येक वस्तूस ओढते. वस्तूंतील द्रव्य जितकें अधिक, तितकी ओढ अधिक. आणि अंतर दुप्पट झालें तर ओढ चतुर्थांश, तिप्पट झालें तर नवमांश होते. आतां हा नियम चंद्रास लावून पाहूं. पृथ्वीच्या मध्यापासून आपण सुमारें ६,४०० किलोमीटर अंतरावर आहों, आणि चंद्र सुमारें ३,८४,००० किलोमीटर, म्हणजे साठपट दूर आहे. तेव्हां तेथें पृथ्वीची ओढ येथल्या ओढीच्या ३,६०० वा हिस्सा असली पाहिजे. आंबा पहिल्या सेकंदांत ४.९ मीटर पडतो; ह्या हिशेबानें चंद्र एका सेकंदांत दीड मिलिमीटरहून किंचित् कमी पडावा. चंद्राचा मार्ग सरळ रेषेपासून किती वळतो हें मोजलें असतां तोच आंकडा येतो!

म्हणजे आमच्या बालप्रश्नकर्त्याचें गृहीतच निराळें ठरलें. चंद्र पडतो, प्रतिक्षणीं पडतो. पण त्याच वेळीं तो सेकंदास सुमारें एक किलोमीटर ह्या वेगानें आडवाही जात असतो. ह्या दोन गतींच्या मेळानें त्याचा मार्ग वांकतो, आणि तो पृथ्वीवर न आदळतां तिच्याभोंवतीं फिरत राहतो.

हीच गोष्ट न्यूटननें एका कल्पित तोफेनें समजाविली. अत्युच्च पर्वतावरून गोळा आडवा सोडला, तर तो कांहीं अंतरावर जमिनीवर पडेल. बार अधिक जोराचा केला, तर अधिक दूर पडेल. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें दर आठ किलोमीटरांस तिचा पृष्ठभाग सुमारें पांच मीटर खालीं वळतो. म्हणून हवेचा अडथळा नसेल आणि गोळा सेकंदास आठ किलोमीटर धांवेल, तर तो जितका पडेल तितकीच जमीनही त्याच्याखालून वळत जाईल. तो पडतच राहील, पण पोहोंचणार कधींच नाहीं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक अशाच रीतीनें सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा करितें. २०२५ सालीं आपले शुभांशु शुक्ला तेथें राहून आले. तेथील माणसें तरंगतांना पाहून पुष्कळांस वाटतें कीं, अंतराळांत गुरुत्वाकर्षण नसतें. हा समज खरा नाहीं. त्या उंचीवर पृथ्वीची ओढ येथल्या ओढीच्या शेंकडा ८८ हून अधिक असते. ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधून त्याच्या माथ्यावर ६० किलो वजनाचा मनुष्य उभा केला, तर कांटा ५३ किलो दाखवील! मग माणसें तरंगतात कां? कारण स्थानक, माणसें, त्यांचे चमचे व पाण्याचे थेंब हीं सर्व एकदम, एकाच वेगानें पडत असतात. आपणांस वजन जाणवतें तें पायांखालील जमीन आपणांस वर रेटते म्हणून. जमीनच बरोबर पडूं लागली, तर रेटणार कोण?

विद्यार्थिमित्रांनीं हें स्वतः पडताळून पाहावें. पत्र्याच्या डब्यास तळाशीं बाजूनें भोंक पाडून त्यांत पाणी भरावें, धार लागेल. आतां डबा उंचावरून अंगणांत सोडावा. डबा पडत असेपर्यंत धार बंद राहते, कारण डबा व पाणी बरोबर पडत असल्यामुळें पाण्याचा दाब उरत नाहीं.

ही तरंगती स्थिति मौजेची दिसली, तरी शरीरास ती मानवत नाहीं. भार वाहण्याचें काम न राहिल्यामुळें हाडें झिजतात व स्नायू दुबळे होतात. म्हणून तेथें महिनोन्‌महिने राहणाऱ्यांस रोज सुमारें दोन तास व्यायाम करावा लागतो. जें वजन आपणांस पायऱ्या चढतांना ओझें वाटतें, तेंच आपलीं हाडें बळकट राखतें, हें पालकांनींही मुलांस सांगण्यासारखें आहे.

ही ओढ मुळांत कां उत्पन्न होते, हें न्यूटननें सांगितलें नाहीं. १९१५ सालीं आइन्स्टाइन ह्यांनीं ती अवकाश व काल ह्यांच्या वक्रतेंतून उद्भवते असें दाखविलें, आणि त्यांच्या सिद्धांतांतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी २०१५ सालीं अमेरिकेंतील वेधशाळांत प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. अशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यांत उभारण्यास भारत सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली आहे. तेथें काम करण्यास माणसें लागतील, आणि आज शाळेच्या बांकांवर बसलेल्या मुलांमुलींतूनच तीं निघावयाचीं आहेत. तेव्हां घरांतील लहान मुलानें चंद्राविषयीं कांहीं विचारिलें, तर त्यास गप्प बसवूं नये, इतकीच आमची विनंती आहे.