दुर्ग, दुरुग, ड्रग

नागपूरहून पूर्वेस हावड्याकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही गावे मागे टाकीत दुर्ग येथे पोहोचतो. देवनागरीत या गावाचे नाव 'दुर्ग' असेच लिहिले जाते. ब्रिटिश अमदानीतील इंग्रजी दफ्तरे चाळली, तर मात्र तेच नाव डी, आर, यू, जी अशा अक्षरक्रमाने लिहिलेले दिसते. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरवरही हेच रूप आहे. किल्ल्याची आठवण देणारे हे नाव इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे औषध अगर मादक द्रव्य उभे करी. इकडे आसपासच्या खेड्यांतील छत्तीसगढी बोलणारा माणूस त्याच गावाला 'दुरुग' म्हणतो. गाव एक आणि नावाची रूपे तीन.

यांतले शुद्ध कोणते आणि भ्रष्ट कोणते, असा प्रश्न सहज मनात येतो. ध्वनिशास्त्र हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवते आणि त्याऐवजी दुसराच प्रश्न विचारते. हे रूप उच्चारताना मुखात नेमके काय घडते? जीभ कोठे टेकते, श्वास कोठून वाहतो, कंठ काय करतो? माणसाच्या बोलण्यातील ध्वनी कसे निर्माण होतात, हवेतून कसे वाहतात आणि कानाला कसे जाणवतात, याचा पद्धतशीर विचार म्हणजे ध्वनिशास्त्र.

बोलण्याचे मूळ द्रव्य श्वास होय. फुप्फुसांतून बाहेर पडणारी हवा प्रथम कंठातील स्वरतंतूंमधून जाते. हे तंतू जवळ येऊन कंप पावू लागले की घोष निर्माण होतो; ते दूर राहिले तर हवा नुसतीच निघून जाते. श्रोत्याने तळहात गळ्यावर ठेवून 'स्' हा ध्वनी लांबवावा, आणि मग 'झाड' या शब्दातील पहिला ध्वनी लांबवावा. पहिल्या वेळी गळा शांत राहतो, दुसऱ्या वेळी तो थरथरतो. अघोष आणि घोष हा भेद एवढाच. पुढे ही हवा मुखात येते. तेथे जीभ, दात, टाळू आणि ओठ तिला अडवतात, चिंचोळी वाट देतात किंवा मोकळी सोडतात. अडवण्याची जागा म्हणजे स्थान, आणि अडवण्याची रीत म्हणजे प्रयत्न.

मराठी मूल शाळेत जी वर्णमाला घोकते, ती वास्तविक मुखाचा एक नकाशाच आहे. क-वर्ग जिभेच्या मागच्या भागाने होतो, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग जिभेचे टोक वर वळवून, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांशी. मागून पुढे येणारा हा क्रम योगायोगाने लागलेला नाही. वेदपठणात अक्षराचा उच्चार ढळू नये, या चिंतेतून आपल्याकडे शिक्षा आणि प्रातिशाख्ये हे ग्रंथ निर्माण झाले. त्यांच्या कर्त्यांनी केवळ जिभेच्या आणि कानाच्या अनुभवावरून कंठातील श्वास, नाद आणि या दोहोंमधली अवस्था यांतील भेद ओळखला. युरोपातील विद्वानांना घोषाचे महत्त्व एकोणिसाव्या शतकात पटले, त्यात या ग्रंथांच्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनी याने १८६२ मध्ये अथर्ववेदाचे आणि १८७१ मध्ये तैत्तिरीय शाखेचे प्रातिशाख्य इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले. १८८६ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषदेची स्थापना झाली आणि एका ध्वनीला एकच चिन्ह या तत्त्वावर सर्व भाषांसाठी एक लिपी आकारास आली.

या दृष्टीने आता 'दुर्ग' हे नाव तपासून पाहावे. त्याचा आरंभ 'द्' या ध्वनीने होतो. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते आणि कंठ घोष देतो. इंग्रजाचा 'डी' हा ध्वनी दातांवर होत नाही आणि टाळूवरही होत नाही. तो या दोहोंच्या मध्ये, हिरड्यांच्या उंचवट्यावर होतो. मराठी कानाला तो 'ड'च्या अधिक जवळचा वाटतो, म्हणून आपण 'डॉक्टर' आणि 'डबा' यांत एकच व्यंजन वापरतो. उलट इंग्रजी कानाला आपला 'द' आणि आपला 'ड' हे दोन्ही एकाच ध्वनीचे प्रकार भासतात. त्यामुळे इंग्रजी लेखनात दुर्गचा 'द' आणि डोंगरगडचा 'ड' एकाच अक्षरात कोंबले गेले.

हा इंग्रजांचा हेकटपणा होता काय? १९८४ साली कॅनडातील जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीझ या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेले संशोधन या बाबतीत बोलके आहे. त्यांनी इंग्रजी भाषिक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील दंत्य आणि मूर्धन्य ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना हा भेद ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना ओळखता आला. जन्मतः मनुष्याचा कान उदार असतो. मातृभाषेला जे भेद लागत नाहीत, त्यांकडे दुर्लक्ष करण्यास तो वर्षाच्या आतच शिकतो. प्रौढ माणसाला परका ध्वनी ऐकू येत नाही, यात आळस अगर तुच्छता असतेच असे नाही. त्याच्या कानाला तसे वळण लागलेले असते.

'दुर्ग' या नावातील खरी अडचण 'र्ग' या जोडाक्षरात आहे. लिहिताना रफार 'ग'च्या डोक्यावर चढतो, पण ऐकताना 'र्' आधी येतो आणि 'ग' मागाहून. लेखन ही ध्वनीची छाया आहे, प्रत्यक्ष ध्वनी नव्हे, याचे हे घरचेच उदाहरण. 'र्' म्हणताना जिभेचे टोक पुढे फडफडते, आणि लगेच 'ग' म्हणण्यासाठी जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो. या दोन हालचालींमध्ये क्षणमात्र फट राहिली, तर तेथे एक लहानसा स्वर शिरतो. 'धर्म'चे 'धरम' आणि 'मूर्ख'चे 'मूरख' असेच होते. प्रातिशाख्यकारांनी विशेषतः 'र्'नंतर डोकावणाऱ्या या स्वरांशाला 'स्वरभक्ती' असे सुंदर नाव दिले आहे. 'दुरुग'मध्ये शिरलेला स्वर आधीच्या 'उ'सारखाच होतो. ओठ एकदा गोल झाले की ते तसेच राहणे सोपे जाते. ज्या रूपाला नागर माणूस अडाणी म्हणेल, त्यामागे वैदिक आचार्यांनी नोंदलेला नियम उभा आहे.

इंग्रजी रूपात निराळी क्रिया दिसते. तेथे 'उ' आणि 'र्' यांनी जागांची अदलाबदल केली आहे. याला वर्णव्यत्यय म्हणतात. मराठीत बोलता बोलता 'नुकसान'चे 'नुस्कान' होते आणि वाराणसीचे बनारस होते, ते याच मार्गाने. 'र' हा तर जगातील भाषांमध्ये फार चंचल ध्वनी आहे. पक्षी या अर्थाचा इंग्रजी 'बर्ड' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'ब्रिड' असा होता. इंग्रजांनी कोकणातील विजयदुर्गाचे 'विझियाड्रूग' आणि कर्नाटकातील चित्रदुर्गाचे 'चितलड्रूग' केले. १७५५ साली कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग जिंकला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर एक मनोरा बांधण्यात आला, आणि त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग' असे ठेवले गेले. तो मनोरा आजही उभा आहे. दुर्ग गावाचे 'ड्रग' रूप याच कुळातले. ते पुढे मागे पडले आणि आता रोमन लेखनातही 'र' आपल्या मूळच्या जागी परतला आहे.

दुर्गला लागूनच असलेल्या भिलाईचे नावही असेच बोधप्रद आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या निमित्ताने हे नाव रशियन कागदपत्रांत पोहोचले. रशियन भाषेत आपल्यासारखी महाप्राण व्यंजने नाहीत. म्हणून 'भ' या एका ध्वनीसाठी तेथे 'ब' आणि घशातून घासत येणारा 'ख'सदृश वर्ण अशी दोन अक्षरे योजतात. मराठी माणसाला 'भ' हा एकसंध वाटतो; रशियनाच्या कानाला तो दोन ध्वनींचा समूह वाटतो. महाप्राण म्हणजे व्यंजन सुटताना त्याच्याबरोबर निघणारा श्वासाचा झोत. ओठांपुढे कागदाचा पातळ कपटा धरून 'ताट' आणि 'थाट' हे शब्द म्हटले, तर 'थाट' म्हणताना कपटा अधिक हलतो.

परक्यांच्या कानाची ही कथा झाली. मराठी कानापुढेही दुर्ग-भिलाईत एक प्रश्न उभा आहे. या प्रदेशावर अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे १९०६ साली दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९५६ मध्ये तो मध्य प्रदेशात राहिला आणि २००० साली छत्तीसगढ राज्यात गेला. तेथील मराठी घरांतील मूल घरी मराठी ऐकते, अंगणात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. छत्तीसगढी बोलीतही तो नाही, आणि तिच्यात 'ण'ची जागाही बहुधा 'न' घेतो. अशा मुलाच्या तोंडी 'माळ' आणि 'माल', 'वेळ' आणि 'वेल', 'ताण' आणि 'तान' या जोड्या एक होऊ लागतात. 'चार' हा आकडा आणि गुरांचा 'चारा' यांतील 'च' निराळे आहेत. जगणे या अर्थाचा 'जग' आणि विश्व या अर्थाचा 'जग' यांतील 'ज' निराळे आहेत. एक तालव्य, दुसरा दंततालव्य. लिपीत मात्र दोहोंना एकच अक्षर असल्यामुळे वाचून हा भेद कळत नाही. तो ऐकूनच यावा लागतो.

सुटीत पुण्या-नागपुरास आलेल्या अशा मुलाच्या बोलण्याला नातलग हसतात, आणि मूल पुढच्या वेळी मराठीऐवजी हिंदीत उत्तर देते. भाषा घरातून जाते ती पुष्कळदा अशी. हसणाऱ्याने ध्यानात घ्यावे, की वऱ्हाडातील जन्माचे मराठीभाषकही 'डोळा'ला 'डोया' आणि 'पाणी'ला 'पानी' म्हणतात, आणि तरीही ते मराठीच बोलत असतात. ध्वनी गावागणिक हळूहळू बदलत जातात. प्रांताची सीमा नकाशावर रेघेसारखी असते, जिभेवर तशी नसते. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीत छत्तीसगढीला १९०४ च्या खंडात पूर्वी हिंदीत घातले, आणि दक्षिणेस बस्तरमध्ये बोलल्या जाणाऱ्या हलबीचा विचार १९०५ च्या मराठीच्या खंडात केला.

प्रमाण उच्चार शिकवू नये, असा याचा अर्थ नव्हे. उलट ध्वनिशास्त्र हे शिकवण्याचे साधन आहे. "नीट बोल" या आज्ञेने मुलाला 'ळ' येत नाही. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लाव, हवा दोन्ही बाजूंनी जाऊ दे आणि मग जीभ झटकन खाली सोड, असे सांगितले तर येऊ शकतो. आधी 'माल-माळ', 'वेल-वेळ' अशा जोड्या पुनःपुन्हा ऐकवाव्यात, कारण जो भेद कानाला लागला नाही तो जिभेला गवसत नाही. मराठीत हा विषय समजून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी ना. गो. कालेलकरांचे 'ध्वनिविचार' हे पुस्तक १९५५ सालीच प्रसिद्ध झाले आहे.

निवाडा करण्यापूर्वी नीट ऐकावे, ही या शास्त्राची पहिली शिस्त आहे. तिने पाहिले म्हणजे 'दुरुग'मध्ये अज्ञान दिसत नाही, 'ड्रग'मध्ये केवळ उद्दामपणा दिसत नाही, आणि दुर्गच्या मराठी मुलाच्या 'माला'मध्ये मातृभाषेची हेळसांड दिसत नाही. तिन्ही ठिकाणी दिसतो तो एक सवयीचा कान आणि एक सवयीची जीभ. आणि सवय शिकवता येते.