सोबत आणि संबंध



कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने घरात ऐकलेली आहे. संस्कृतात याच गोष्टीला काकतालीय न्याय म्हणतात. तिथे फांदीऐवजी ताडाचे फळ पडते, एवढाच फरक. म्हणीत शहाणपण आहे, पण ते अर्धे आहे. कावळ्याच्या भाराने फांदी मोडली नाही, हे आपल्याला कशावरून कळले? फांदी आधीच कुजली होती काय? कावळा न बसता ती त्याच घटकेला मोडली असती काय? म्हण हे प्रश्न विचारीत नाही. ते विचारण्याचे काम शास्त्रांकडे आले आहे. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र दिसतात, तेव्हा त्यांच्यात नुसती सोबत आहे की एकीचे काम दुसरीवाचून अडते असा खरा संबंध आहे, हे निरनिराळी शास्त्रे कशी ठरवितात, ते आज आपल्याला पाहावयाचे आहे.

विषय कोरडा वाटू नये म्हणून आपल्या कान्ह्यापासूनच आरंभ करू. वैशाख सरत आला की कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे, आंदर मावळात जाणाऱ्या रस्त्याने थोडे चालावे. झाडीतून पावशा ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असे ओरडत असतो आणि मागोमाग पाऊस येतो. पक्षी पाऊस आणीत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण याला योगायोगही म्हणता येत नाही, कारण हे दरवर्षी घडते. पावशा स्वतःचे घरटे बांधीत नाही. तो आपले अंडे सातभाईच्या घरट्यात टाकतो. म्हणजे त्याची वीण सातभाईच्या विणीला बांधलेली. पिलांना अळ्या-किडे लागतात, आणि अळ्या-किड्यांची चंगळ पावसाने फुटणाऱ्या पालवीवर होते. पक्ष्याची हाक आणि पाऊस यांच्यामध्ये धागा आहे खरा, पण तो सरळ नाही. तिसऱ्या-चौथ्या गोष्टीतून ओवून गेलेला आहे.

अशा धाग्यांची परीक्षा करण्याची रीत आपल्याकडील नैयायिकांनी फार पूर्वी घालून दिली. जिथे धूर तिथे अग्नी, हा झाला अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, हा व्यतिरेक. एवढ्यावर ते थांबले नाहीत. हेच वाक्य उलटे करून, जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येईल का, असे त्यांनी विचारले. आणि उत्तर नाही असे दिले. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओले सरपण लागते. या मधल्या ओल्या सरपणाला त्यांनी उपाधी हे नाव दिले. पावसाळ्यात चूल फुंकलेल्या कोणत्याही गृहिणीला उपाधी म्हणजे काय हे पंडितापेक्षा लवकर समजेल. आजची शास्त्रे प्रयोगशाळेत बसून जे करतात, त्यातले पुष्कळसे या तीन शब्दांत मावते. फरक पडतो तो हा, की व्यतिरेक डोळ्यांनी पाहण्यासाठी प्रत्येक शास्त्राला आपापली युक्ती शोधावी लागते. सोबत तोडून पाहावी लागते, आणि तोडण्याचे हत्यार प्रत्येकाचे निराळे.

हे हत्यार हाती नसले म्हणजे काय होते, त्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या आरंभी पुण्यात पसरला. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे कोणाला ठाऊक नव्हते. घरात घाण असते आणि प्लेगही असतो. रोग्याचे कपडे असतात आणि प्लेग असतो. दाटी असते आणि प्लेग असतो. सोबत अनेक गोष्टींची होती. सरकारी अंमलदारांनी त्यांतली घाण, कपडे आणि माणसे उचलली. रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी पुण्याची घरे झडली. माणसे ओढून बाहेर काढली, सामान जाळले, जमिनी उकरल्या. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत कसा झाला, ते आपण जाणता.

इकडे खेड्यापाड्यांतल्या माणसांनी निराळीच सोबत हेरली होती. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव घरे सोडून शेतात झोपड्या घालून राही. हे नुसते निरीक्षण होते. त्यामागचे काम कळलेले नव्हते. १८९८ मध्ये कराचीला सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने एक साधा प्रयोग केला. प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर आणि एक निरोगी उंदीर त्याने एका भांड्यात जाळीच्या आडोशाने वेगळे ठेवले. स्पर्श होऊ शकत नव्हता, पिसवा मात्र उडून जाऊ शकत होत्या. निरोगी उंदीर मेला. सिमाँचे म्हणणे त्या वेळी फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९०५ पासून प्लेग कमिशनने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत आणि प्लेग झालेल्या घरांत तेच काम मोठ्या प्रमाणावर केले. गिनिपिगांचे काही पिंजरे उघडे ठेवले, काहींना पिसू शिरू शकणार नाही इतकी बारीक जाळी लावली, काहींच्या भोवती चिकट कागद पसरले, काही जमिनीलगत तर काही दोन फूट उंच टांगले. हवा तीच, घर तेच, घाणही तीच. पिसू पोहोचू शकली तिथे जनावर मेले. पोहोचू शकली नाही तिथे जगले. आता पाहा, घर सोडून जाण्याने फायदा होत होताच, कारण उंदीर आणि त्यांच्या पिसवा मागे राहत. पण जमिनी उकरण्याने आणि चुना फासण्याने पिसूचे काय वाकडे होणार होते? जो संबंध आठ वर्षांनी एका चिकट कागदाने उलगडला, तो १८९७ मध्ये कळला असता तर पुण्याच्या घराघरांतून झालेल्या बेअब्रूला निमित्तच उरले नसते. वैद्यकाने सोबत तोडली ती अशी: सगळे सारखे ठेवून एकच वाट बंद करून.

शेतीशास्त्राला अशी जाळी लावता येत नाही. त्याचे हत्यार संकर. आपल्या शेजारी वडगाव मावळला भाताचे संशोधन केंद्र आहे. मावळचा आंबेमोहोर वासाला अप्रतिम, पण उंच वाढतो, वाऱ्यापावसाने लोळतो आणि उतारा कमी देतो. वास हवा तर पीक थोडे, असे पिढ्यान्‌पिढ्या धरून चालले होते. ही नुसती सोबत की अटळ नाते? फिलिपाइन्समधून १९६६ साली आलेला आय.आर.-८ हा बुटका, भरघोस पिकणारा, पण वास नसलेला वाण. आंबेमोहोर-१५७ शी त्याचा संकर करून वडगावच्या केंद्राने काढलेला वाण १९८७ मध्ये इंद्रायणी या नावाने शेतकऱ्यांच्या हाती आला. वास आणि थोडे पीक यांची गाठ सुटू शकते, हे शेतातच सिद्ध झाले. जुनी माणसे अजून म्हणतात, की शेजारच्या घरी आंबेमोहोर शिजला तर आळीत कळे, इंद्रायणीला ती ऐट नाही. ते खोटे नाही. गाठ सुटली म्हणजे सगळेच धागे आपल्या मनासारखे हाती आले असे नव्हे.

वासाची गोष्ट पुढे फार मजेदार झाली. सुवासिक तांदळातला मुख्य गंध एका विशिष्ट रसायनाचा आहे, हे १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत कळले. ते तांदळात साचते का, याचे उत्तर २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी दिले. साध्या तांदळात एक जनुक असते; ते त्या रसायनाच्या कच्च्या मालाची दुसरीकडेच विल्हेवाट लावते. बासमतीसारख्या अनेक सुवासिक जातींत ते जनुक मोडके आहे, म्हणून माल शिल्लक राहतो आणि त्याचा गंध होतो. म्हणजे आपण ज्याला गुण म्हणतो, तो एका बंद पडलेल्या यंत्राचा परिणाम! जनुकाचे काम काय, हे त्याचे काम थांबल्यावर कळले. आमच्या नैयायिकांना हा व्यतिरेक फार आवडला असता.

अलीकडे शेकडो जीवांची जनुके समग्र वाचून झाली आहेत, आणि एकेक जनुक मोडून पाहण्यास आयुष्य पुरणार नाही. तेव्हा १९९९ च्या सुमारास एक तोड निघाली. ज्या जीवांत एक प्रथिन सापडते त्यांत दुसरेही सापडते, आणि एक नाही तिथे दुसरेही नाही, असे अनेक जातींत दिसले तर ती दोन्ही एकाच कामावर असावीत असे धरायचे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हाच हा तर्क. तो उपयोगी आहे, पण तो सुगावा आहे, पुरावा नव्हे. दोन जीव एकाच पूर्वजाचे वंशज असले तर दोघांकडे सारखाच वारसा असणार. इथे वंश हीच उपाधी होऊन बसते.

याच अंगाने एका विलक्षण माणसाची आठवण होते. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यात १९०७ सालचा, पेशा गणिताचा. राहायचे पुण्यात आणि नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणून कित्येक वर्षे दख्खनच्या राणीने त्यांची ये-जा चाले. ती गाडी कान्ह्याला थांबत नाही, पण खिडकीतून मावळचे डोंगर त्यांनी किती वेळा पाहिले असतील!

कोसंबींचे एक सूत्र आनुवंशशास्त्रात आजही वापरले जाते. गुणसूत्रावर जनुके मालगाडीच्या डब्यांसारखी ओळीने असतात. गाडी मध्येच तुटून दुसऱ्या गाडीशी जोडली जाते. दोन डब्यांमध्ये अंतर जितके अधिक, तितकी त्यांची ताटातूट होण्याचा संभव अधिक. तेव्हा ताटातूट किती वेळा झाली हे मोजून अंतर काढता येते. पण दोघांच्या मध्ये गाडी दोन ठिकाणी तुटली तर ते पुन्हा एकत्र येतात आणि मोजणी फसते. शिवाय एका ठिकाणी तुटली की लगतच दुसऱ्यांदा तुटणे अवघड होते. या दोन्हींचा हिशेब ठेवणारे सूत्र कोसंबींनी १९४४ मध्ये मांडले. इथली सोबत कामाची नाही, केवळ शेजाराची आहे. आणि शेजार मोजता आला म्हणजे कामाचा संबंध त्यातून वेगळा काढता येतो, हे त्याचे महत्त्व.

तेच डोळे त्यांनी जुन्या चांदीच्या नाण्यांकडे वळविले. तक्षशिलेच्या साठ्यातल्या नाण्यांच्या मागच्या बाजूस लहान लहान ठसे असतात, कोणावर कमी, कोणावर जास्त. कोसंबींनी नाणी एकेक करून तोलली आणि त्यांना असे आढळले, की ठसे वाढतात तसे सरासरी वजन क्रमाने घटते. नाणे हातोहात फिरून झिजते. म्हणजे ठसे हे काळाच्या ओघात, नाणे चलनात असताना पडलेले. झीज खरोखर अशी होते का हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलली. नाणे तोडता येत नाही, म्हणून त्यांनी आजच्या नाण्याला साक्षीस उभे केले.

इतिहासात मात्र साक्षीदारही मिळणे कठीण. नुकतीच चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा झाली. कोकणपट्टीवरचे कोळी बांधव घाट चढून डोंगरावर येतात. देवीचे ठाणे बौद्ध लेण्याच्या तोंडाशीच. बेडशाच्या लेण्यातही देवीची पूजा होते. कोसंबी मावळात आणि पुण्याच्या टेकड्यांवर पायी हिंडले, आणि गावाबाहेरच्या अशा देवींच्या ठाण्यांजवळ त्यांना गारगोटीसारख्या दगडाचे नखाएवढे धारदार तुकडे सापडले. शेती सुरू होण्यापूर्वीच्या माणसांची ती हत्यारे. देवी, तुकडे, पायवाटा, लेणी अशी चौघांची सोबत. त्यांचे अनुमान असे, की गुरे घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदीत, तिथे देवींची ठाणी झाली. त्याच वाटांनी पुढे बंदरांकडचा व्यापार चालला, आणि भिक्षूंनी लेणी कोरली ती या वाटांच्या आसऱ्याने. १९६० आणि १९६२ मध्ये त्यांनी हे विस्ताराने लिहिले.

मला स्वतःला हे अनुमान मोहात पाडते, पण त्यावर उपाधीचा आक्षेप पुरता सुटला आहे असे वाटत नाही. उन्हाळ्यातही आटत नाही असे पाणी डोंगरात मोजक्याच जागी असते. गुराख्याला तेच हवे, भिक्षूला तेच, भक्तालाही तेच. मग चौघांना एकत्र आणणारी वाट की पाणी? हे ठरवायचे तर पाणी आहे पण जुनी वाट नाही अशा जागा, आणि वाटा छेदतात पण पाणी नाही अशा जागा, दोन्ही धुंडाळाव्या लागतील. निसर्गाने आणि काळाने जिथे आपण होऊन सोबत तोडली आहे अशा जागा शोधणे, एवढेच इतिहासाचे हत्यार. कार्ल्याच्या खांबांवर अनेक दात्यांनी आपले गाव धेनुकाकट असे कोरून ठेवले आहे. त्यांत यवनही आहेत. इतके दाते एका गावचे, तेव्हा ते गाव लेण्याजवळच असावे असे कोसंबींना वाटले. इतर विद्वानांनी ते दूर दूर नेऊन ठेवले. सोबत दगडात कोरलेली आहे, पण गावाची जागा अजून वादातच आहे.

म्हणून जाता जाता एक सांगून ठेवतो. आपल्यापैकी अनेकांची शेते या खोऱ्यात आहेत. नांगरताना किंवा डोंगरावर फिरताना असे धारदार तुकडे, जुनी खापरे किंवा अक्षरे असलेला दगड दिसला, तर तो उचलून घरी आणू नका. जागा लक्षात ठेवा, जवळ पाणी कुठे आहे, वाट कुठून जाते, आणखी काय पडले आहे ते एका कागदावर टिपा, आणि पुण्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. तुकडा कपाटात शंभर वर्षे टिकेल. तो कशाच्या शेजारी पडला होता, हे मात्र उचलल्या क्षणी पुसले जाते.