कोणता खेळ अधिक अवघड?

कोल्हापुरात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच ठरून गेले आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने उभे राहिलेले आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान ज्या शहराच्या मध्यभागी आहे, तेथे अवघड खेळ म्हणजे कुस्ती, हे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. पहाटे तालमीत जोर-बैठका, मग लाल मातीत लढती, वस्तादांची करडी नजर, दूध-तूप-बदामाचा खुराक, आणि मोडलेले कान ही त्या मेहनतीची पावती. त्या खालोखाल फुटबॉल. पेठापेठांचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, तेव्हा खेळाडूच्या अंगातून निथळणारा घाम पहिल्या रांगेतूनही दिसतो. डोळ्यांना दिसणारे कष्ट म्हणजे अवघडपणा, असे एक माप या गावाने आपल्यापुरते पक्के केले आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी या मापाला धक्का बसला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले ते खाशाबा जाधव यांच्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी. गुलाल उधळला गेला, फटाके वाजले. मात्र जल्लोष ओसरल्यावर चहाच्या कपाबरोबर एक शंकाही फिरू लागली : एका जागी थांबून गोळी झाडायची, त्यात एवढे अवघड ते काय? नेमबाजीची ही गत, तर हिरव्या कापडावर चेंडू ढकलणाऱ्या बिलियर्ड्‌सची काय असणार, हे सांगायलाच नको. कित्येक घरांत तो खेळ म्हणून गणलाच जात नाही. तो क्लबातल्या रिकाम्या लोकांचा नाद.

व्यापारी कुटुंबांत हा विषय गप्पांपुरता राहत नाही. नववी-दहावीतल्या मुलाने किंवा मुलीने एखादा खेळ गंभीरपणे धरला, की घरात हिशेब सुरू होतो. वेळ किती जाणार, पैसा किती लागणार, आणि मुख्य म्हणजे हा खेळ तेवढ्या मोलाचा आहे का? घाम गाळणाऱ्या मुलाबद्दल आजोबांना आदर वाटतो. भिंतीसमोर रिकामी रायफल धरून तासभर उभी राहणारी नात मात्र त्यांना वेळ घालवताना दिसते. म्हणून अवघडपणा मोजायचा कसा, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

असा मोजण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने २००४ मध्ये साठ खेळांची क्रमवारी लावली. जाणकारांच्या मंडळाने प्रत्येक खेळाला दहा रकान्यांत गुण दिले : दम, ताकद, स्फोटक जोर, वेग, चपळाई, लवचिकता, धाडस, मार सोसण्याची शक्ती, हात-डोळ्यांचा मेळ आणि डावपेचांची बुद्धी. प्रत्येक रकान्याला दहा गुण, एकूण शंभर. मुष्टियुद्ध सुमारे ७२ गुण घेऊन पहिले आले. कुस्ती पाचवी. फुटबॉल पहिल्या दहांत. अगदी तळाशी तीन खेळ राहिले : नेमबाजी, त्याखाली बिलियर्ड्‌स आणि सर्वांत शेवटी गळ टाकून मासे पकडणे.

वह्या तपासण्याची सवय असलेल्या वाचकाला या ताळेबंदातील खोट लगेच दिसेल. बेरीज बरोबर आहे, रकाने चुकले आहेत. दहांपैकी सात रकाने निव्वळ शरीराचे आहेत. किराणा दुकानाच्या आणि सराफी पेढीच्या मालाची किंमत वजनकाट्यावर ठरवली, तर किराणा दुकानच श्रीमंत ठरणार. त्याहून मोठी गोष्ट उरलेल्या रकान्यांत आहे. धाडस म्हणजे भीतीवर मात, अशी तेथे व्याख्या होती. हात-डोळ्यांचा मेळ म्हणजे दिसलेल्या गोष्टीला झटपट प्रतिसाद. मग जेथे अंगावर कोणी धावून येत नाही आणि लक्ष्य हलतच नाही, तेथे गुण मिळणार कशाचे? स्थिर राहण्याला, एकच कृती साठ वेळा तंतोतंत तशीच करण्याला, हातून चूक झाल्यावर पुढच्या क्षणी मन पूर्ववत आणण्याला त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

कुस्तीचे मोल यामुळे कमी होत नाही. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर आणि परक्या नियमांनी लढावे लागले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांपुरते हे तारण नसलेले कर्ज. परतफेडीची हमी फक्त एका तरुणाच्या मेहनतीची. खाशाबांनी बॅंटमवेट गटात कांस्यपदक आणले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले होते. दम आणि मार सोसण्याची शक्ती हे रकाने अशा वेळी खरे होतात.

आता याच शहराच्या दुसऱ्या परंपरेकडे पाहू. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिच येथील जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर रायफल प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक जिंकले. गुण ६०० पैकी ५९७. साठ गोळ्यांत तीन गुण गेले. शाळेत शंभरापैकी नव्व्याण्णव मिळवणारी मुले असतात, पण तेथे प्रत्येक प्रश्न वेगळा असतो. येथे एकच प्रश्न साठ वेळा विचारला जातो आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच यावे लागते.

पन्नास मीटरवरील लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, साधारण शर्टाच्या बटणाएवढे. गोळीची जाडी धरली, तर मध्यबिंदूपासून आठेक मिलिमीटर सरकण्याची मुभा आहे. म्हणजे अंतराच्या दर मीटरमागे चूक जेमतेम ०.१६ मिलिमीटर. पुरुषांच्या या प्रकारातील रायफल आठ किलोपर्यंत भरते. ती गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन अवस्थांत धरायची असते. उभ्या अवस्थेत शरीराचा नैसर्गिक डोल कोणालाच थांबवता येत नाही, तो ओळखून त्याच्या मधल्या क्षणी चाप ओढायचा असतो. ताठ जाडजूड कोटाच्या आत घाम याही खेळात येतो, फक्त तो प्रेक्षकांना दिसत नाही. कुसळे पात्रता फेरीत साठ गोळ्यांत ५९० गुण घेऊन सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत पोहोचले आणि तेथे मागून येत ४५१.४ गुणांवर तिसरे आले. या फेरीच्या उत्तरार्धात सर्वांत मागे राहणारा नेमबाज एकेक करून बाहेर पडतो. शेजारची जागा रिकामी होत असताना आपला श्वास जागेवर ठेवायचा असतो.

कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा थायलंडच्या नेमबाजाशी बरोबरी झाली होती. ती फोडण्यासाठी जादा गोळ्या झाडल्या, पुन्हा बरोबरी. आणखी एक फेरी घ्यावी लागली. दमाचा रकाना मनालाही लावता येतो, तो असा.

बिलियर्ड्‌सचे टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. हिरव्या कापडाखाली पाटीचा सपाट दगड असतो आणि त्यावर फक्त तीन चेंडू खेळतात. पूर्वी हे चेंडू हस्तिदंताचे असत आणि त्यांपायी हत्तींचे बळी जात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका बिलियर्ड्‌स कंपनीने पर्यायी पदार्थासाठी दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले आणि त्या शोधातून सेल्युलॉइड पुढे आले. आज चेंडू कृत्रिम पदार्थाचेच असतात. आपल्या चेंडूने दुसऱ्या दोन्ही चेंडूंना स्पर्श केला तर दोन गुण, तांबडा चेंडू खिशात घातला तर तीन. गुण मिळत राहतील तोवर डाव आपलाच.

नियम एवढे सोपे. आता साधे गणित पाहू. तांबडा चेंडू दीड मीटरवर आहे आणि तेथून खिसाही दीड मीटर दूर आहे. चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर, खिशाचे तोंड साडेतीन इंचांच्या आसपास. म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळी जागा सतरा-अठरा मिलिमीटर. आपला चेंडू तांबड्यावर आदळताना एक मिलिमीटर बाजूला गेला, तर तांबडा खिशापाशी पोहोचेपर्यंत ती चूक अठ्ठावीस मिलिमीटरची होते. फटका फुकट जातो. चक्रवाढ व्याज थकबाकीदारावर फिरावे, तशी पहिली छोटी चूक दुसऱ्या टप्प्यात फुगते. चालणारी चूक सुमारे ०.६ मिलिमीटर, म्हणजे दर मीटरमागे ०.४. नेमबाजीपेक्षा ही मुभा थोडी सैल आहे हे खरे. मात्र नेमबाजाला गोळी पुढे कोठे गेली याची चिंता नसते. येथे तांबडा खिशात घालून भागत नाही, आपला चेंडू पुढच्या फटक्यासाठी योग्य जागी थांबलाही पाहिजे. वेग, फिरकी आणि कापडाचा पोत यांचा हिशेब प्रत्येक फटक्याला नव्याने मांडावा लागतो.

मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत सलग ११४९ गुणांचा डाव खेळला. फटक्याला सरासरी अडीच गुण धरले, तरी हे साडेचारशेहून अधिक फटके होतात, आणि त्यांतला एकही चुकलेला नाही. या काळात प्रतिस्पर्धी काय करतो? खुर्चीत बसतो. कुस्तीत मागे पडलेला मल्ल निदान हातपाय झाडू शकतो, फुटबॉलमध्ये पळता येते. बिलियर्ड्‌समध्ये हरणाऱ्याला काहीच करता येत नाही. समोरचा गुण घेत राहतो आणि हात थंड होत जातात. मग अचानक एखादा फटका हुकतो आणि त्या थंड हाताने पहिलाच फटका अचूक मारायचा असतो. बिलियर्ड्‌सचा खरा अवघडपणा टेबलापेक्षा त्या खुर्चीत अधिक आहे. बाजार पडत असताना माल धरून शांत बसलेला व्यापारी ही अवस्था ओळखेल.

खेळांची तुलना कागदावर अन्यायकारक होते, तशी सन्मानातही होते. फरेरा तीन वेळा, १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये, जागतिक हौशी विजेते झाले. १९८१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ती त्यांनी नाकारली. सुनील गावसकर यांना आदल्या वर्षी पद्मभूषण मिळाले होते आणि जागतिक विजेत्याच्या बिलियर्ड्‌सला क्रिकेटपेक्षा खालची पायरी का, असा त्यांचा सवाल होता. हे वागणे काहींना उद्धट वाटले. पण प्रश्न रास्त होता आणि १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. खाशाबा जाधवांना मात्र हयातीत एकही पद्म सन्मान मिळाला नाही. तेव्हा सन्मान अवघडपणा पाहून दिले जातात, अशी समजूत कुस्तीवाल्यांनीही करून घेऊ नये.

पालकांच्या मनात बिलियर्ड्‌सविषयी असलेली धास्ती अगदीच निराधार नाही. टेबल महाग, ते घरी ठेवणे बहुतेकांना अशक्य, आणि जेथे ते असते तेथील वातावरण कधी कधी पैजांचे आणि धुराचे असते. मूल कोठे आणि कोणाबरोबर खेळते, हे पाहिलेच पाहिजे. मात्र हा दोष जागेचा आहे, खेळाचा नाही. चांगला प्रशिक्षक आणि स्वच्छ क्लब मिळाला, तर गणित, संयम आणि एकाग्रता यांचा एवढा कस लावणारे खेळ फार थोडे.

आणखी एक बाब घरच्या हिशेबात धरण्यासारखी आहे, ती वयाची. पैलवानाची ऐन उमेद विशीत असते आणि तिशी ओलांडली की शरीर कुरकुरू लागते. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्‌स विजेते झाले, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. वैयक्तिक खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. सहा वर्षांनी न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते विजेतेपद पुन्हा मिळवले. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते. त्यांच्या वयाचे मल्ल एव्हाना लंगोट खुंटीला टांगून तालमीच्या कट्ट्यावर नव्या पोरांना डाव सांगत बसले होते.