स्टिअरिंग जड झालं? आधी बॅटरी बघा

जर्मनीतल्या थंडीत सकाळी गाडी सुरू केली, डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला आणि वळवताना हात भरून आले, तर आधी दिव्याचा रंग बघा. लाल असेल तर गाडी बाजूला घेऊन मदत बोलवा. पिवळा असेल तर जपून वर्कशॉप गाठा. गाडी वळते, कारण जोड यांत्रिकच असते. फक्त जोर आपल्याला लावावा लागतो.

हल्ली या कामाला तेलाचा पंप नसतो. तुमच्या हाताचा जोर टॉर्क सेन्सर मोजतो आणि इलेक्ट्रिक मोटर हातभार लावते. पार्किंग करताना ती भरपूर करंट खेचते, आणि थंडीने बॅटरी आधीच मलूल! म्हणून पहिली तपासणी तिची. रात्रभर उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना 14 च्या आसपास. टर्मिनल आणि अर्थची वायरही बघा. दिवा नाही, नुसतंच जड लागतंय? मग टायरमधली हवा तपासा.

बॅटरी काढून लावल्यावर दिवा लागला असेल, तर फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून थोडं अंतर चालवलं की तो जातो.

नाहीच गेला तर वर्कशॉपमध्ये ‘फेलरश्पायशर’ वाचून घ्या, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड. ‘अख्खी रॅक बदला’ म्हणाले, तर बॅटरीची लोड टेस्ट केली का हे विचारा आणि खर्चाचा लेखी अंदाज, ‘कॉस्टनफोरआनश्लाग’, मागा. त्यात कॅलिब्रेशन आणि व्हील अलाइनमेंट धरलंय का, तेही बघा. स्टिअरिंग घरी खोलू नका; एअरबॅग तिथेच असते.